चतुःसीमा

अकरा महिन्यांचा करार, दरमहा दोनशे चाळीस,
पाण्याचे तीस वेगळे.
प्लॉट नंबर सतरा. दहा फूट बाय सहा.
मानेवाड्याच्या रिंगरोडाआड, हायटेन्शन तारांखालची जागा,
जिथे घर बांधायला परवानगी नाही
म्हणून वांगी लावायला आहे.

चौतीस वर्षं मी भूमी अभिलेखात होतो.
साखळी, शंकू, फाळणीचे नकाशे.
सावनेरपासून उमरेडपर्यंत दुसऱ्यांची जमीन मोजली,
वीतभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ
पाठीला पाठ लावून उभे राहिलेले पाहिले.
माझ्या नावे सातबारा नाही.
आहे तो तिसऱ्या मजल्यावरचा हवेचा तुकडा.

म्हणून पहिल्या दिवशी सुतळी आणली.
चार खुंट्या ठोकल्या, कोन तपासले.
अठरा नंबरची बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.
"हे काय जी, लगन लावता का वाफ्याचं?"

बेबीनंदा खोब्रागडे. मेडिकलमध्ये रात्रपाळीची आया.
सकाळी घरी जायच्या आधी इथे येते,
डोळे तांबारलेले, चपला बाजूला काढून
मातीत पाय रोवून उभी राहते पाच मिनिटं,
काही न करता.
मग पाणी.

सोळा नंबरचे गेहीमल रामनानी
जरीपटक्याहून स्कूटरवर येतात, एवढ्या लांब,
फक्त मेथी लावतात आणि मेथीशी सिंधीत बोलतात.
घरात आता समजणारं कोणी नाही, म्हणाले,
एकदाच.

पुण्याच्या सुनेला फोनवर सांगितलं, सांबार लावलाय.
"बाबा, सांबार लावतात कसा?"
कोथिंबीर, म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं
उगीच माघार घेतली.

एप्रिलात नळ यायचा पाच ते साडेपाच.
एक नळ, बावीस वाफे, चौदा ठिगळांचा एक पाइप.
भांडणं झाली, खरी झाली,
एकदा बादलीही फेकली गेली.
मी फेकली.
दुसऱ्या दिवशी माझ्या वाफ्याला पाणी आधीच दिलेलं,
आणि बादली उपडी घालून ठेवलेली
सुतळीच्या आत.

पोळ्याच्या आठवड्यात बेबीनंदाचा कोहळ्याचा वेल
हद्द ओलांडून आला.
मी दोनदा उचलून परत ठेवला.
तिसऱ्यांदा त्याने सुतळीलाच तणावा गुंडाळला
आणि फळ धरलं नेमकं रेषेवर.
रोज थोडं फुगायचं. रोज थोडं माझ्याकडे कलायचं.
टेप अजून खिशात असतो माझ्या.

मोजताना तिने पाहिलं.
वाटलं, आता सुरू होईल ते सगळं,
अर्ज, जबाब, पंच, अपील.
"किती आलं?"
सात इंच इकडे, पाच तिकडे.
"मंग सात इंच पाणी तुम्ही द्या,"
म्हणाली, आणि झोपायला गेली.

दिलं. मोजून नाही देता आलं.

दसऱ्याला कापलं. बावीस जणांत फोड फोड आली.
आमच्याकडे बाकरभाजी झाली,
रामनानींनी साखर घालून काहीतरी शिजवून आणलं,
नाही आवडलं, डबा पुसून खाल्ला.

परवा करार संपला. नवा लिहायला मलाच बसवलं,
अक्षर बरं म्हणून.
सवयीने मथळा घातला गेला: चतुःसीमा.
पूर्वेस, बेबीनंदा यांची अंबाडी.
पश्चिमेस, गेहीमल यांची मेथी
व तिच्याशी चाललेलं बोलणं.
दक्षिणेस, नळ.
उत्तरेस

उठून बघून आलो. खुंटी सापडली नाही.
सुतळी तर कधीच कोणाच्या तरी बरबटीला
मांडव म्हणून गेली.

भाडं तेवढं दहा रुपयांनी वाढलं.
सही केली.